बा म्हणजे काय काय

आजारपणानंतर माझ्या बाच्या तोंडात एकच शब्द उरला होता, आणि तोही 'बा'.

आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे बा म्हणजे बाप. नात्यागोत्यातल्या पोरांनी पप्पा सुरू केलं, तरी मी त्याला बाच म्हणत आले आणि अरे-तुरे करत आले. पोळा झाला त्या आठवड्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. नागपूरला नेलं, जीव वाचला. उजवा पाय हळूहळू ऐकायला लागला, उजवा हात थोडा मागे राहिला, बोलणं मात्र गेलं. कळत सगळं होतं. चहा गार असला तर कप सरकवायचा, टीव्हीवर बाजारभाव लागले की आवाज वाढवायची खूण करायचा. पण तोंड उघडलं की 'बा'. चहा हवा तरी बा, नको तरी बा. मला बघून बा, आईला बघून बा, भिंतीवरच्या पालीला बघून बा.

मी पांढुर्ण्याच्या एका दवाखान्यात औषधांचं भांडार सांभाळते. कोणती पेटी कधी आली, कोणती कधी संपणार, हे लिहून ठेवण्यात माझा दिवस जातो, आणि ती सवय घरीही सुटत नाही. बा सौंसरला परत आल्यावर मी यादी करूनच कामाला लागले. औषधं कोणी द्यायची, व्यायाम कोणी करून घ्यायचा, संध्याकाळच्या बसने मी कोणत्या वारी यायचं. पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून कार्डं केली: पाणी, चहा, पोळी, पंखा, मोरी. बा त्या कार्डांकडे असा बघायचा, जसं काही मी त्याला पत्ते खेळायला बसवलंय.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, शब्द यायचे असले तर पहिल्या काही महिन्यांतच जास्त येतात, तेव्हा गप्प बसू देऊ नका. हे मी आईला सांगितलं, तेव्हा ती लसूण सोलत होती.

"तुह्या बानं मले लग्नापासून कधी नावानं हाक नाई मारली," ती म्हणाली. "'अवं' म्हणे. घरात दहा बाया असल्या तरी मले समजे, का मलेच बलावून राहिले. आता पालीलेई बा अन् मलेई बा."

मला हसू आलं. ती हसली नाही.

"हासू नको. बाकी काई नाई बोलले तरी चालते. तेवढी एक हाक पायजे मले."

मी कार्डं बाजूला ठेवली. पाणी काय, हाताने दाखवून मिळतं. हाक दाखवता येत नाही. करायच्या कामांत मी ती सगळ्यात वर घातली. कशी करायची, ते मात्र माहीत नव्हतं.

शेजारी लाकडाच्या वखारीवाल्यांचं गुजराती घर आहे. त्यांची सून माझ्याच वयाची. ती पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा मी तिथेच होते. तिने स्टुलावर बसत विचारलं, "केम छो, काका?"

"बा," बा म्हणाला.

तिचे डोळे भरले. पदराने पुसत ती मला म्हणाली, "आमच्यात बा म्हणजे आई. काकांना आईची याद येऊन राहिली, दीदी."

आई आतून बोलली, "यायची माय त हे पाळण्यात असतानाच गेली. कायची याद!"

पण सुनेला ते पटलं नाही. तिची सासू, जिला अख्खं घर बा म्हणायचं, मागच्याच वर्षी गेली होती, आणि शेवटी शेवटी तीही स्वतःच्या आईलाच हाका मारायची म्हणे. तेव्हापासून वखारीवाली सून रोज दुपारी वाटीभर कढी-खिचडी घेऊन यायची आणि बाला सासूच्या गोष्टी सांगायची. बा मधून मधून 'बा' म्हणायचा आणि तिला वाटायचं, काका बरोबर विचारताहेत, मग पुढे काय झालं? मला काळजी वाटली, की रोज रोज तेच ऐकून बा कंटाळेल. आई म्हणाली, "येऊ दे. तिले घरी ऐकाले कोनी नाई, अन् यायले बोलता येत नाई. जमलं दोघाईचं."

आमच्या मागच्या खोलीत बिहारचा एक कारागीर भाड्याने राहतो. संत्री धुऊन, त्यांना मेण लावून पेट्यांत भरायचं काम चालतं तिथे तो कामाला. सकाळी नळावर आला की तो खिडकीतूनच ओरडायचा, "का हाल बा, चाचा?"

"बा."

"ठीक बा?"

"बा."

"त फेर कवना बात के चिंता बा!" असं म्हणून बादली उचलून तो जायचा. हे रोजचं झालं. एकदा आईने त्याला थांबवून विचारलं, तू आमच्या माणसाची थट्टा करतोस का? तो घाबरला. हात जोडून म्हणाला, "नहीं अम्मा. हमारे यहाँ बा माने है. जो है, सो बा."

आई म्हणाली, "हाये म्हनते का? मंग बरोबरच बोलून राहिले. हायेत." आणि भाकरी थापायला गेली. त्या दिवशी तिने त्याला पिठलं-भाकर दिली, आणि त्यानंतर पुष्कळदा दिली.

दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री निघायला लागली आणि ट्रक येऊ लागले. त्यांतला एक कर्नाटकातला ड्रायव्हर बाचा जुना ओळखीचा. बा व्यापाऱ्याकडे कामाला होता तेव्हापासून दर हंगामात येणारा. त्याला बाजारात कळलं, तसा ट्रक भरायला लावून तो थेट घरी आला. हातात पिशवीभर संत्री.

"संत्र्याच्या गावात संत्रं आनलं," आई हळूच मला म्हणाली. "विहिरीत पानी टाकल्यावानी."

तो दारात चपला काढत होता, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "बा."

"बंदे, बंदे," म्हणत तो लगबगीने आला आणि खाटेजवळ बसला. त्याने हिंदीत आम्हाला समजावून सांगितलं, की कन्नडात बा म्हणजे ये, आणि बंदे म्हणजे आलो. मोठ्या, परक्या माणसाला 'बन्नी' म्हणतात. नुसतं 'बा' आपल्या माणसाला. "चाचा ने मेरे को बा बोला," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. बाला बहुतेक त्याला बघून आनंद झाला होता, कारण तो थांबेचना. बा, बा, बा. आणि दर वेळी हा माणूस खाटेवर थोडा थोडा पुढे सरकायचा.

"आता मांडीवर बसते का काय बा हा!" आई म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे आणखी एक बा आहे. काय बा, नको बा, कोन जाने बा. त्याचा अर्थ विचारला तर सांगता यायचा नाही, आणि काढून टाकला तर बोलणं आळणी.

नागपूरला शिकणाऱ्या माझ्या मुलीला मी फोनवर हे सगळं सांगितलं, तर तिने आणखी शोधून पाठवलं. व्हिएतनामात बा म्हणजे तीन. चीनमध्ये एका सुरात म्हटलं तर आठ आणि दुसऱ्या सुरात म्हटलं तर बाप. मी ते औषधांच्या कागदामागे एकाखाली एक लिहून काढलं. बाप, आई, आहे, ये, तीन, आठ. वाचून बाला दाखवलं. त्याने कागद उलटा केला आणि गोळ्यांच्या वेळा वाचायला लागला.

मला त्या यादीचा तसा काही उपयोग नव्हता. पण एक गोष्ट मी बघत होते. दवाखान्यात लोक बाच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे. "यांना बोलता येत नाही," असं त्याच्यासमोरच म्हणायचे. जवळचे नातेवाईकही दहा मिनिटं बसून, उसासा टाकून, माझ्याकडे वळायचे. या तिघांनी मात्र तो बोलला असंच धरलं, आणि त्याला उत्तर दिलं. एकीने आई ऐकली, एकाने खुशाली, एकाने बोलावणं. बाच्या मनात यातलं काहीच नसेल, किंवा सगळंच असेल, मला माहीत नाही. पण त्यांच्यामुळे आमच्या घरात दुपारी, सकाळी, संध्याकाळी त्याच्याशी माणसं बोलत राहिली. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते या लोकांनी कोणीही न सांगता केलं. मी त्यांचे उपकार मानते, आणि मोजत बसत नाही.

शब्द मात्र दुसरा येत नव्हता. आई काही म्हणायची नाही, पण बा तिच्याकडे बघून तोंड उघडायचा तेव्हा तिचा हात चालता चालता थांबायचा, आणि 'बा' ऐकून पुन्हा चालू व्हायचा.

नागपूरच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे आम्ही महिन्यातून एकदा जात होतो. ड्रायव्हर येऊन गेल्यानंतरच्या खेपेला त्या म्हणाल्या, "कार्डं राहू द्या. त्यांना तोंडपाठ काय होतं? प्रार्थना, गाणं, पाढे, आकडे? जे विचार न करता तोंडातून निघायचं, ते करून बघा. कधी कधी तिथून वाट सापडते."

मी परतीच्या बसमध्येच एकेक गोष्ट आठवून काढली. आधी विहारातली वंदना. तीन दिवस आई आणि मी त्याच्याजवळ बसून म्हणालो. तो हात जोडायचा, डोळे मिटायचा, पण ओठ हलायचे नाहीत. आई म्हणाली, "विहारात तरी कुठं म्हनत होते? मांगं बसून डुलक्या घेत." मग वारांची नावं. मग पाढे, पण शाळा दोनच इयत्ता झालेली, पाढे कुठून असणार. उरले आकडे. आणि आकडे तर त्याचा धंदाच होता. संत्री आता किलोवर जातात. तेव्हा नगावर जायची, आणि बाने आयुष्यभर व्यापाऱ्याच्या ढिगावर बसून ती मोजली होती. हे मला आधीच सुचायला हवं होतं.

ड्रायव्हरने आणलेली संत्री तशीच पडून होती. रविवारी दुपारी मी अंगणात चटई टाकली, ढीग केला, बाला भिंतीला टेकवून बसवलं. ढिगावर पाच-पाचच्या उचलीने मोजतात, म्हणून पाच संत्री उचलून टोपलीत टाकली आणि म्हणाले, "एक."

बा ढिगाकडे बघत होता. डोळ्यांत काहीतरी हललं.

पुन्हा पाच. "दोन. म्हण बा. दोन."

त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

मी टोपली रिकामी करून पुन्हा सुरू केलं. "एक—" आणि बाने चांगल्या हाताने टोपली अशी ढकलली, की संत्री मोगऱ्याच्या कुंड्यांपर्यंत घरंगळत गेली. "बा! बा! बा!" तो चिडला होता. आजारपणापासून तो इतका चिडलेला मी पाहिला नव्हता. मला वाटलं, आपण त्याला त्याच्या कामाची आठवण देऊन दुखावलं.

आई दारात उभी राहून बघत होती. ती हसायला लागली.

"अवं पोरी, ढिगावर कोनी एक म्हनते का?"

मग मला आठवलं. ढिगावर मोजताना पहिल्या उचलीला एक म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. धान्य असो की फळ, शेतकऱ्याचा माल एकापासून मोजायला सुरुवात करणं अशुभ. लहानपणी मी बाचा डबा घेऊन जायची तेव्हा हे कानावर पडलेलं होतं. पण आमच्या घरात शुभ-अशुभ चालत नव्हतं. दाराला लिंबू-मिरची नाही, मांजर आडवं गेलं तर बा मुद्दाम पुढे जायचा. मला तुरीच्या दाण्यांवर मोजणी शिकवली ती त्यानेच, आणि स्पष्ट बजावून शिकवली: एक म्हणजे एक, त्यात भ्यायचं काय? मी चांगली विद्यार्थिनी निघाले. त्याने घरात जे शिकवलं, तेच मी त्याच्या ढिगावर चालवत होते.

"घरी एक म्हने," आई खाली बसत म्हणाली, "अन् ढिगावर लाभ. मी इचारलं होतं एकदा. त म्हने, माल कास्तकाराचा हाये. त्याच्या मनासारखा मोजाव, आपलं काय जाते?"

ती स्वतः त्या ढिगावर फळं निवडायला जात होती, त्यामुळे उचल तिला माहीत होती: उजव्या हातात तीन, डाव्या हातात दोन. बाचा उजवा हात अजून उचलीच्या कामाचा नव्हता. ती त्याच्या उजव्या बाजूला बसली. तिने तीन उचलली आणि थांबली. बाने तिच्याकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं आणि डाव्या हातात दोन घेतली.

आईने लांब सूर लावला, "लाऽऽभ..."

दोघांनी फळं टोपलीत सोडली. आईने पुढची तीन उचलली आणि तोंड मिटून घेतलं. मला वाटलं, ती विसरली. ती विसरली नव्हती.

"दोन," बा म्हणाला.

आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ होता. मी मध्ये काहीतरी बोलणार होते, आईने डोळ्याने दटावलं. उचल. "तीन." उचल. "चार." तो माझ्याकडे बघतही नव्हता. त्याची मान त्या जुन्या ठेक्यात हलायला लागली होती. ढीग संपत आला तसं मला कळेना काय करावं. मी आत पळाले आणि कांद्यांची टोपली आणून चटईवर ओतली. बाने एक क्षण कांद्याकडे बघितलं, मग आईकडे.

"मोजा," आई म्हणाली. "कास्तकारानं आता कांदे लावले."

त्याने कांदेही मोजले. कांदे संपले तेव्हा मागच्या खोलीतला कारागीर अंगणात उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि वखारीवाली सून कुंपणाशी वाटी घेऊन रडत होती. ती कढी त्या दिवशी गारच प्यावी लागली.

दुसऱ्या दिवसापासून कारागीर संध्याकाळी येताना डागी, बारीक, बाजूला काढलेली संत्री क्रेटभर आणून ठेवायचा, आणि मी विचारलं की म्हणायचा, "फेंकने वाला माल बा, दीदी." हंगाम संपेपर्यंत आणली. रोज सकाळी आई आणि बा चटईवर बसायचे. थोड्याच दिवसांत 'लाभ'ही बाच म्हणू लागला. नागपूरच्या बाईंना मी फोन केला तर त्या खूश झाल्या, आणि लगेच बजावलं, की मोजणी म्हणजे बोलणं नव्हे, हुरळून जाऊ नका. आता मोजणीत हळूच एखादा शब्द घाला.

हे काम माझ्या आवडीचं होतं. मी शब्दांचा क्रम लावून दिला. 'लाभ' झालं की थांबायचं आणि समोर कप धरायचा. पहिले कितीतरी दिवस तो नुसता पुढचा आकडाच म्हणायचा. कप दाखवला तरी 'दोन'. मग एका सकाळी, मी बससाठी चपला घालत असताना, मागून ऐकू आलं, "लाभ... चाय." चहा मग मी करून दिला, आणि बस चुकली. त्यानंतर पानी आलं, पंखा आला, नाई आलं. 'नाई' आल्यावर तर घरात वापरच वाढला. प्रत्येक शब्दाआधी मात्र त्याला लाभ म्हणावंच लागायचं, तिथून ढकलून निघाल्याशिवाय गाडी हलायची नाही. पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा फार शुभ बोलतो. लिंबू-मिरचीला हसणारा माणूस दिवसभर लाभ-लाभ करताना बघून आईला भारी मजा वाटायची.

आईची हाक मी क्रमात घातली नव्हती. आईनेच घालू दिली नाही. "कप दाखवून चाय म्हनवतं तू. मले काय दाखवशीन? मलेच? शिकवून मारलेली हाक मले नाई पायजे."

थंडी सरता सरता मृग बहाराची फळं निघत होती तेव्हाची गोष्ट. मी ओसरीवर पुढच्या महिन्याच्या गोळ्या खणांच्या डबीत भरत होते, बा खाटेवर, आई आत चुलीपाशी. बाहेर भाजीवाला आला. आईला मेथी घ्यायची होती, सकाळपासून ती म्हणत होती. बाने भाजीवाल्याकडे बघितलं, मग आतल्या दाराकडे. मला वाटलं, माझ्याकडे बघून सांगेल. मी मुद्दाम मान वर केली नाही.

"लाभ," बा म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. भाजीवाला पुढे निघाला.

"लाभ... अवं."

आत काहीतरी खाली पडलं. पळी असावी. मी गोळ्या तशाच धरून बसले. आई बाहेर आली ती तोंडाला पदर लावून, पण बोलली नेहमीच्याच आवाजात.

"काय जी? आत्ता आठवन झाली का? भाजीवाला त गेला नं चौकात!"

"अवं," बा पुन्हा म्हणाला. या वेळी लाभ न लावता.

"हाव, हाव, आयकलं," ती म्हणाली, आणि मेथी आणायला तशीच अनवाणी निघाली.

याला आता वर्ष होत आलं. बाचं बोलणं पूर्ण आलेलं नाही, आणि सगळं येईल असं कोणी सांगतही नाही. जे आलं ते पुष्कळ आहे. ड्रायव्हर या हंगामातही येऊन गेला. बाने त्याला चाय विचारली, आणि त्याने ट्रक उभा ठेवून दोन कप घेतले. वखारीवाली सून अजून दुपारी येते. आता बा तिला मध्येच 'नाई' म्हणतो, आणि ती म्हणते, काका, पूर्ण ऐकून तर घ्या. कारागीर सुट्टीवर गावी गेला होता तेव्हा त्याने तिथून फोन करून चाचाची खुशाली विचारली. बाशी बोलणाऱ्यांच्या नवीन वर्षाच्या यादीत मी या सगळ्यांना घातलंय, घरच्यांच्या खाली लगेच.

माझं नाव अजून आलेलं नाही. लहानपणी तो मला ज्या नावाने बोलवायचा तेही नाही. मी सकाळी पांढुर्ण्याहून फोन करते, आई त्याच्या कानाला लावते, आणि तो मला 'बा' म्हणतो. मी म्हणते, "बोल बा." मग तो श्वास घेतो, 'लाभ' म्हणतो, आणि काल काय जेवला ते सांगायला लागतो. वेळ लागतो. मी दवाखान्यात अर्धा तास उशिरा यायची परवानगी घेऊन ठेवली आहे.